मान वाकडी झाली, ती बाधा नव्हे

रात्री नऊची वेळ. वस्तीतल्या एका घरातून निरोप आला, "पोराची मान वाकडी झालीय, डोळे वर चढलेत, जबडा आवळलाय." आम्ही पोहोचलो तेव्हा दारात गर्दी जमली होती. कोणी लिंबू उतरवायला सांगत होतं, कोणी भगताचा पत्ता देत होतं. पंधरा वर्षांचा मुलगा पूर्ण शुद्धीवर होता, पण भीतीने थरथरत होता. आम्ही त्याच्या आईला एकच विचारलं, "ताई, नवीन कुठली गोळी सुरू केलीय का?" तिने डब्यातून पाकीट काढलं. हॅलोपेरिडॉल. तीन दिवसांपूर्वी सुरू झालेलं. मुलाला कानात आवाज ऐकू यायचे, कोणीतरी मारायला येतंय असं वाटायचं, म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टरांनी ती दिली होती. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली.

हे का झालं, ते प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं.

मेंदूतल्या पेशी रसायनांच्या मदतीने एकमेकींना निरोप देतात. डोपामिन हे त्यातलं एक रसायन. नसलेले आवाज ऐकू येतात, खोटे संशय येतात, तेव्हा मेंदूच्या एका भागात डोपामिनचा जोर वाढलेला असतो. गोळी पेशीवरची डोपामिन घेण्याची जागा अडवते आणि हा जोर कमी होतो. अशा औषधांपैकी पहिलं, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली फ्रान्समध्ये मनोरुग्णांसाठी वापरात आलं. मेंदूतल्या डोपामिनचं काम उलगडून दाखवणारे स्वीडनचे आर्विद कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळालं.

अडचण अशी, की डोपामिनचं काम एका जागी नसतं. एका गल्लीत पाणी तुंबलं म्हणून मुख्य व्हॉल्व्ह आवळला, तर बाकीच्या गल्ल्यांचंही पाणी कमी होतं. तसंच इथे होतं. हातापायांची हालचाल डोपामिनवर चालते. ते अडलं की मान, जबडा, डोळे आखडतात, हात थरथरतात, मुलाला एका जागी बसवत नाही. मान आखडण्याचा हा त्रास बहुधा पहिल्या काही दिवसांतच होतो, आणि मोठ्यांपेक्षा तरुण मुलांमध्ये जास्त दिसतो.

दुसरी गल्ली प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची. डोपामिन त्याला आवरून धरतं. रिस्पेरिडोनसारख्या गोळीने तो आवर सुटला, तर मुलींची पाळी थांबते, छातीतून दूध येतं. मुलांची छाती वाढते. पोरं लाजेने हे सांगत नाहीत. आपणच मायेने विचारायला हवं. काही गोळ्यांनी, विशेषतः ओलान्झापिनने, भूक आणि वजन झपाट्याने वाढतं. त्यात डोपामिनखेरीज इतर रसायनांचाही हात असतो.

शिवाय मुलाचा मेंदू अजून बांधला जात असतो. विचार करणारा, स्वतःला आवरणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो, आणि डोपामिनच्या तारा तिथे किशोरवयातही वाढत असतात. लहान वयात ही औषधं दिलेल्या उंदरांत मोठेपणीही मेंदूत आणि वागण्यात फरक दिसले आहेत. उंदरावरचं सगळं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. पण त्यातून एक सावधगिरी शिकता येते: गरज असेल तेव्हाच, कमीत कमी मात्रेत आणि नजर ठेवून औषध द्यायचं. पोरगं नुसतं दंगा करतं, ऐकत नाही, म्हणून ही गोळी नाही.

म्हणून गोळी फेकून द्यायची का? मुळीच नाही. उपचाराविना राहिलेला आजार मुलाची शाळा, झोप, माणसं, कधी जीवही हिरावतो. गोळी एकदम बंद केली तर आजार उसळून येतो. कमी करायची असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यानेच, हळूहळू.

घरात एवढं पाळा:

१. गोळी कशासाठी, किती दिवस, काय त्रास होऊ शकतो, हे डॉक्टरांना विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

२. सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने वजन, रक्तदाब, साखर, चरबी तपासून घ्या. वहीत लिहून ठेवा.

३. मान, जीभ, डोळे आखडले तर लगेच दवाखाना गाठा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या. श्वास किंवा गिळणं अडत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

४. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भ्रम एकत्र दिसले, तर जिवाला धोका आहे. गोळी पुढे देऊ नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

५. शेजारच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला देऊ नका. दुकानातून जुन्या चिठ्ठीवर आणू नका.

कोणाला विचारावं कळत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो. मानसिक आजारावर सरकारी व्यवस्थेतून उपचार मिळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे.

त्या मुलाची गोळी डॉक्टरांनी बदलली, मात्रा कमी केली. आता तो शाळेत जातो. त्याची आई दर महिन्याला वजनाचा आकडा वहीत लिहिते. त्या रात्री लिंबू सुचवणाऱ्या शेजारीणबाईंनी परवा आम्हाला थांबवून विचारलं, "माझ्या नातीच्या गोळ्या जरा बघता का?"