यशदभस्माची सूक्ष्मता आणि प्रकाशाची साक्ष

रेखापूर्ण व वारितर या कसोट्यांस उतरलेले भस्म सूक्ष्म असते, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ते किती सूक्ष्म, हे बोटांवरील रेषा सांगत नाहीत. यशदाचे शोधन, जारण व मारण होऊन हाती येते ते मुख्यत्वे झिंक ऑक्साइड. त्याचे कण मोजण्यास प्रयोगशाळा प्रकाश-प्रकीर्णनाचा आधार घेतात. भस्म पाण्यात विखरून त्यातून लेसरचा किरण सोडतात. लहान कण जलद हलतात, मोठे संथ. विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारांच्या वेगावरून व्यास काढला जातो.

येथेच सावधगिरी हवी. अतिसूक्ष्म कणांत विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या १० लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. चार गुठळ्या असल्या तरी सूक्ष्म कण झाकले जातात. उलट जड कण तळाशी बसले, किंवा नमुना गाळून घेतला, तर उरलेल्या अंशाचाच आकडा मिळतो, आणि तोच सर्व भस्माचा म्हणून वेष्टनावर जातो! 'नॅनो' हा शब्द छापण्यापूर्वी फार्मसीचालकांनी नमुना कसा विखरला, गाळला काय, निवळू दिला काय, हे अहवालात अवश्य पाहावे.

शिवाय हे यंत्र कण मोजते, द्रव्य ओळखत नाही. भस्मात कच्चे यशद राहिले असल्यास ते त्यास कळणार नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन करावे. आणि चांदीसह तापवून तिचे वजन वाढते काय हे पाहणारी आपली निरुत्थ परीक्षाही सोडू नये.