वेगाच्या प्रदेशात, मर्यादेच्या वाटेने
इटलीतील मोटार-कारखाने पाहण्यासाठी कौटुंबिक प्रवास आखताना

व्यापारी घरांतील युरोपप्रवासाचा साचा बरीच वर्षे ठरलेला होता. मोठी बस, सोबत स्वयंपाकी महाराज, पॅरिस, आल्प्सची हिमशिखरे, व्हेनिसचे कालवे आणि परतताना चॉकलेटांची पिशवी. आता घरातील तरुण पिढी निराळी मागणी पुढे ठेवते. गाडी स्वतः चालवत जायचे आणि ज्या कारखान्यांत फेरारी, लॅम्बोर्गिनी यांसारख्या मोटारी घडतात, ते डोळ्यांनी पाहायचे. वडीलधाऱ्यांना लगेच प्रश्न पडतात. परमुलुखात रस्त्यावर असताना चौविहाराचे काय? ज्या मोटारींची आसनेच चामड्याची, त्यांचे कौतुक जैन घराने किती करावे? आणि वेगाचा हा हव्यास म्हणजे निव्वळ अनर्थदंड नव्हे काय?

मागणी अवास्तव नाही आणि प्रश्नही गैरलागू नाहीत. आखणी विवेकाने केली, तर उद्योगाचे शिक्षण आणि श्रावकाचा आचार ही दोन्ही चाके एकाच प्रवासात फिरू शकतात. त्यासाठी इटलीतील एमिल्या-रोमान्या या प्रांताइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

एका वर्तुळातील चार घराणी

बोलोन्या आणि मोदेना या दोन शहरांच्या परिसराला ‘मोटारींचे खोरे’ असे नाव पडले आहे. मोदेनापासून मारानेल्लो सुमारे १८ किलोमीटर. तेथे फेरारी. सांतागाता बोलोन्येसे या गावी लॅम्बोर्गिनी, सान चेझारिओ सुल पानारो येथे पगानी आणि खुद्द मोदेना शहरात मासेराती. एका ठिकाणी मुक्काम ठेवून ही सर्व स्थाने पाहता येतात. रोज सामान बांधणे आणि सोडणे टळते, हा वृद्ध व लहान मुले सोबत असणाऱ्या कुटुंबाला मोठाच दिलासा.

एन्झो फेरारी यांचा जन्म १८९८ मध्ये मोदेना येथे झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, त्यांनी कारखाना मारानेल्लोला हलवला आणि १९४७ मध्ये त्यांच्या नावाची पहिली मोटार रस्त्यावर आली. त्यांचा लाडका पुत्र दिनो अवघ्या चोविसाव्या वर्षी, १९५६ मध्ये, स्नायूंच्या असाध्य विकाराने गेला. १९६९ मध्ये एन्झो यांनी कंपनीतील निम्मा हिस्सा फियाटला दिला, मात्र शर्यतींचा विभाग आपल्या हाती राखला. भांडवल कोठे सोडावे आणि अधिकार कोठे सोडू नये, याचा हा धडा वारसाचा विचार करणाऱ्या प्रत्येक पेढीने पाहावा असा आहे.

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हे शेतकऱ्याचे पुत्र. युद्धानंतर पडून राहिलेल्या लष्करी वाहनांच्या भागांतून त्यांनी ट्रॅक्टर उभे केले आणि त्यातून संपत्ती मिळवली. १९६३ मध्ये त्यांनी मोटारींचा कारखाना काढला. १९६६ च्या ‘मिउरा’ने जगभर नाव झाले, परंतु पुढच्या दशकाच्या आरंभीच मालकी त्यांच्या हातून गेली. १९७८ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. अनेक मालक बदलून १९९८ मध्ये ती जर्मनीच्या आउडीकडे आली आणि मग स्थिरावली. नावलौकिक आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका इतिहासातून मुलांना जेवढे कळेल, तेवढे कित्येक व्याख्यानांतून कळणार नाही.

ओरासिओ पगानी यांची कथा तर अगदी नवख्या उमेदवाराची. १९५५ मध्ये अर्जेंटिनात जन्मलेले हे गृहस्थ इटलीत येऊन लॅम्बोर्गिनीत कामाला लागले. कार्बनचे धागे वापरून हलके पण बळकट सांगाडे करण्याचे तंत्र त्यांना हवे होते. त्यासाठी लागणारी दाबभट्टी घेण्यास कंपनी तयार नव्हती, तेव्हा त्यांनी कर्ज काढून ती स्वतः घेतली, असे सांगितले जाते. १९९९ मध्ये त्यांची पहिली मोटार ‘झोंडा’ जगापुढे आली.

काय पाहता येते, काय नाही

आखणीतील सर्वांत मोठा गैरसमज येथे होतो. फेरारीच्या कारखान्याच्या आतील भाग सर्वसामान्य पाहुण्यांना खुला नसतो. तो मान कंपनीच्या ग्राहकांचा. इतरांसाठी संग्रहालयातून सुटणारी बस असते. ती कारखान्याच्या आवारातून आणि फियोरानो या चाचणीमार्गाच्या बाजूने फिरवून आणते. मध्ये उतरता येत नाही, छायाचित्रेही घेता येत नाहीत. मुलाला ‘फेरारीचा कारखाना दाखवतो’ असे वचन देण्यापूर्वी हे ठाऊक असावे. मात्र मारानेल्लोचे संग्रहालय आणि मोदेना येथील एन्झो फेरारी यांच्या जन्मघराशेजारचे पिवळ्या छताचे संग्रहालय, ही दोन्ही पाहण्याजोगी आहेत. दोहोंचे एकत्रित तिकीट मिळते.

प्रत्यक्ष उत्पादन पाहायचे असेल, तर लॅम्बोर्गिनी आणि पगानी यांकडे वळावे. दोन्ही ठिकाणी आगाऊ नोंदणी करून मार्गदर्शकासह कारखाना पाहता येतो. जागा मर्यादित असतात आणि मुलांसाठी वयाची अट असू शकते. म्हणून विमानाच्या तिकिटांआधी कारखान्याची तारीख पक्की करावी आणि उरलेला प्रवास तिच्याभोवती गुंफावा.

कारखान्यात चामडे कापण्याचा आणि शिवण्याचा विभाग असतो आणि तो अभिमानाने दाखवला जातो. जैन कुटुंबाने हे आधी जाणून घ्यावे. ज्यांना तो विभाग पाहणे क्लेशकारक वाटेल, त्यांनी संग्रहालयापुरतेच थांबणे बरे. मुलांना मात्र दुसरी बाजूही दाखवता येईल. अल्कांतारा नावाचे आसनवस्त्र पॉलिएस्टर व पॉलियुरेथेन यांपासून बनते. ते इटलीतच तयार होते आणि अनेक वेगवान मोटारींत चामड्याऐवजी वापरले जाते. प्राण्याच्या कातड्याला पर्याय नाही, हा समज त्याच आवारात खोटा ठरतो.

पंचांग आणि कारखान्याची दिनदर्शिका

सुदैवाने येथे श्रावकाचे पंचांग आणि इटलीचे वेळापत्रक एकमेकांना पूरक आहेत. ऑगस्टमध्ये इटलीतील कारखाने उन्हाळी सुटीसाठी बंद पडतात. १५ ऑगस्टच्या आसपास तर सारा देशच सुटीवर असतो. तो आपला चातुर्मासाचा काळ, पुढे पर्युषण. म्हणजे ज्या दिवसांत घर सोडू नये, त्याच दिवसांत तेथे पाहण्यासारखे काही चालू नसते. चैत्री ओळी आणि अक्षय्य तृतीयेची पारणी आटोपल्यानंतर आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी परतणे, ही योजना सर्वांत उत्तम. मुलांची शाळेची सुटीही बहुतांशी याच अवधीत असते. २५ एप्रिल, १ मे आणि २ जून हे इटलीतील राष्ट्रीय सुटीचे दिवस आणि शनिवार-रविवार कारखान्यासाठी टाळावेत.

याच ऋतूचा आणखी एक लाभ आहे. जूनच्या आरंभी मोदेना येथे सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो. तेथील उपाहारगृहे सायंकाळी साडेसातच्या सुमारास उघडतात, तरीही सूर्यास्तापूर्वी निवांत जेवण होते. सूर्योदय साडेपाचच्या सुमारास असल्याने नवकारसीही न्याहारीच्या वेळेपूर्वीच येते. हाच प्रवास नोव्हेंबरात केला, तर पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दिवसभर भटकलेल्या कुटुंबाची ओढाताण होते.

ताटातील प्रश्न

एमिल्या हा प्रांत इटलीत खाद्यपदार्थांसाठी प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच जैन प्रवाशाने तेथे अधिक सावध राहावे. ‘शाकाहारी’ असे सांगून भागत नाही. पार्मिजानो रेज्जानो हे तेथील विख्यात चीज वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने बनवले जाते. त्या नावाच्या चीजसाठी नियमच तसा आहे. पास्त्यावर ते न विचारता भुरभुरले जाते. ताजा पास्ता अंड्यात मळलेला असतो. वाळवलेला पास्ता मात्र साधारणपणे केवळ गहू आणि पाणी यांचा असतो. पियादिना नावाच्या पोळीत परंपरेने डुकराची चरबी घालतात. वेष्टनावर वा खाद्यसूचीत ‘स्त्रुत्तो’ हा शब्द दिसला, की तो पदार्थ बाजूला ठेवावा. ‘सेन्झा’ म्हणजे शिवाय, ‘आल्यो’ म्हणजे लसूण, ‘चिपोल्ला’ म्हणजे कांदा, ‘पाताते’ म्हणजे बटाटे आणि ‘उओवा’ म्हणजे अंडी. एवढे पाच शब्द घरातील प्रत्येकाने पाठ करावेत.

सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड भाड्याने घेणे. टोमॅटो, दोडक्याच्या जातीच्या भाज्या, डाळी, तांदूळ, ऑलिव्हचे तेल आणि फळे तेथे मुबलक मिळतात. घरून खाकरे, मसाले, मूगडाळ आणि सुका नाश्ता न्यावा. मात्र युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध व दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावीत. विमानतळावर ती टाकून द्यावी लागणे म्हणजे अन्नाचा अपव्ययच.

रस्ता, परवाना आणि दंड

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आवश्यक आहे. तो आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो आणि एक वर्ष चालतो. दोन्ही कागद जवळ ठेवावेत. भाड्याच्या गाडीची अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते. विम्यातून वगळलेली रक्कम किती, हे सही करण्यापूर्वी वाचावे. व्यवहारात मुरलेल्या माणसाला हे सांगावे लागू नये, पण सुटीच्या उत्साहात करार न वाचणारेही तेच असतात.

तेथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच चाक हाती घेऊ नये. एक दिवस विसावा घेऊन निघावे. मिलानहून मोदेना महामार्गाने सुमारे १७० किलोमीटर आहे. महामार्गावर वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर, पावसात ११०, गावाबाहेरील साध्या रस्त्यांवर ९० आणि वस्तीत ५०. काही टप्प्यांत दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजणारी यंत्रणा असते, त्यामुळे कॅमेऱ्यापुरते हळू होऊन उपयोग नाही. टोलनाक्यावर केवळ पिवळ्या फलकाची मार्गिका टाळावी. ती यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी असते.

जुन्या शहरांच्या गाभ्यात परवानगीशिवाय वाहन नेता येत नाही. प्रवेशावर कॅमेरे असतात, अडवणारा कोणी नसतो आणि दंडाची सूचना कित्येक महिन्यांनी घरी येते. गाडी भाड्याने देणारी कंपनी चालकाचा तपशील कळवल्याबद्दल निराळे शुल्क लावते. मुक्काम अशा क्षेत्रात असेल, तर यजमानाकडून गाडीचा क्रमांक आधी नोंदवून घ्यावा. गाडी साधी, प्रशस्त आणि सामान मावेल अशी घ्यावी. वेगवान मोटारीचा अनुभवच हवा असेल, तर मारानेल्लोत ती थोड्या मिनिटांसाठी भाड्याने चालवता येते. संग्रहालयातील कृत्रिम चालनयंत्रावर तर तोच आनंद कोणाच्याही जिवाला धोका न देता मिळतो.

वेगाची किंमत

या प्रदेशाच्या कीर्तीत एक काळी तारीख आहे आणि ती मुलांना सांगायलाच हवी. ‘मिल्ले मिल्या’ ही शर्यत १९२७ पासून ब्रेशा ते रोम आणि परत अशी सुमारे १६०० किलोमीटर, सार्वजनिक रस्त्यांवरून होत असे. लोक दुतर्फा उभे राहून पाहत. १२ मे १९५७ रोजी ग्विदित्सोलो गावाजवळ भरधाव फेरारीचा टायर फुटला. चालक, त्याचा सोबती आणि नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. प्रेक्षकांत पाच बालके होती. एन्झो फेरारी यांच्यावर खटला चालला आणि १९६१ मध्ये ते निर्दोष ठरले, परंतु रस्त्यावरील ती शर्यत त्या स्वरूपात पुन्हा झाली नाही. आज त्या नावाने जुन्या मोटारींची फेरी निघते. तीत सर्वांत वेगवान नव्हे, तर ठरलेली वेळ अचूक पाळणारा जिंकतो.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना प्राणहरणाच्या आधी प्रमादाचा उल्लेख येतो. चाकामागे बसणाऱ्या तरुणाला याहून नेमका उपदेश दुसरा नाही. मुनी ईर्यासमितीने पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. गृहस्थाच्या पायांखाली आज दीड-दोन टनांचे यंत्र असते, म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. ग्विदित्सोलोची हकिगत ऐकलेला मुलगा मुंबई-पुणे महामार्गावर आपला पाय थोडा आवरेल, तर या प्रवासाचा खर्च वसूल झाला असे म्हणण्यास हरकत नाही.

निघण्यापूर्वीचे परिमाण

श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आणि भोगोपभोगपरिमाण ही दोन्ही आहेत. किती दूर जावे आणि किती उपभोगावे, याची सीमा आधीच आखून घ्यावी, असा त्यांचा आशय. प्रवासाच्या आखणीला तो नेमका लागू पडतो. एकूण खर्च, दिवसाला गाडीतील जास्तीत जास्त तास, खरेदीची मर्यादा आणि रोजच्या सामायिकाची वेळ, हे घरातील सर्वांनी बसून ठरवावे आणि लिहून ठेवावे. ज्यांचे नातलग हिऱ्यांच्या व्यापारामुळे अँटवर्पला असतात, त्यांना उत्तरेकडे जाऊन तेथील विल्राइक उपनगरातील भव्य जिनालयाचे दर्शन घेता येईल. मात्र मोदेनापासून ते अंतर अकराशे किलोमीटरांच्या आसपास आहे. किमान दोन-तीन दिवस हाती नसतील, तर विमानाचा किंवा रेल्वेचा विचार करावा.

२०२४ या वर्षात फेरारीने साऱ्या जगाला अवघ्या १३,७५२ मोटारी दिल्या. मागणी याहून अधिक असूनही उत्पादन मुद्दाम मर्यादित ठेवायचे, हे त्या घराण्याचे जुने धोरण. ते त्यांनी नफ्यासाठी पाळले, आपल्या आचार्यांनी परिमाण सांगितले ते आत्म्यासाठी. हेतू निराळे, पण स्वतःला सीमा घालून घेणारा लहान होत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच दिसते. परतीच्या विमानात मुलांशी एवढ्या एका विषयावर बोलणे झाले, तरी पुष्कळ.