आधी बिऱ्हाड, मग रस्ता

नालासोपारा पूर्वेस, आचोळे गावच्या हद्दीत, अग्रवालनगरी परिसरात 41 इमारती उभ्या होत्या. त्या जमिनीवर विकास आराखड्याने सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि कचराभूमी यांचे आरक्षण ठेवले होते. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. आणि नोव्हेंबर 2024 पासून काही महिन्यांत सुमारे 2500 कुटुंबांचे संसार रस्त्यावर आले. न्यायालयाने कायद्याचे पालन केले, यात वाद नाही. परंतु पाया खणण्यापासून कळस चढेपर्यंत ज्यांच्या डोळ्यांदेखत हे घडले, त्यांनी कशाचे पालन केले, असा प्रश्न आम्ही विचारतो.

येथे राहणारी माणसे काही हौसेने आरक्षित जमिनीवर गेली नव्हती. मुंबईत घर परवडत नाही, पोट मात्र मुंबईतच भरते. अशा माणसास लोहमार्ग नेईल तेथे बिऱ्हाड मांडावे लागते. विरारहून मुंबईस पहिली गाडी 1867 साली धावली आणि 1936 साली या मार्गास वीज मिळाली. नालासोपाऱ्याची वस्ती वाढली ती या रुळांच्या आधारानेच. चर्चगेटपासूनचे अंतर सुमारे 56 किलोमीटर! हे अंतर रोज दोन वेळा तोडणारा कारकून, कारागीर वा परिचारिका सकाळी प्रथम उलट दिशेने विरारला जाते, आणि तेथे जागा धरून पुन्हा आपल्याच गावावरून पुढे जाते. ज्या शहरातील माणसाला पुढे जाण्यासाठी आधी मागे जावे लागते, त्या शहराच्या नियोजनाविषयी निराळा पुरावा कशाला हवा?

आराखडा नव्हता असे नाही. 1990 साली या प्रदेशाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपविण्यात आले. आराखडा होता 2001 ते 2021 या वीस वर्षांचा. त्यास मंजुरी मिळाली 2007 साली. म्हणजे वीस वर्षांतील सहा वर्षे कागद टेबलांवर फिरण्यातच सरली. शहर मात्र कागदाची वाट पाहत थांबले नाही. 2009 मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाख 22 हजारांवर भरली. बोरिवली ते विरार चौपदरी लोहमार्ग पुरा झाला तोही 2007 मध्येच, आणि महापालिकेची बससेवा सुरू झाली 2012 मध्ये. आधी बिऱ्हाड, मग नकाशा, मग रूळ आणि शेवटी बस, असा हा क्रम आहे. वरातीमागून घोडे म्हणतात ते यालाच!

भूमी आणि वाहतूक हे दोन निराळे विषय आहेत, हा समज आम्हांस सर्व अनर्थाचे मूळ वाटतो. रस्त्यासाठी राखलेली पट्टी गिळली गेली की बस अडते. बस अडली की रिक्षांची रांग स्थानकाच्या दाराशी येते. पाणथळ जागा आणि नाले बुजले की 2018 च्या जुलैप्रमाणे रुळांवर पाणी चढते आणि लक्षावधी लोकांचा रोजगार बुडतो. एका सातबाऱ्यावर केलेला अन्याय असा साऱ्या शहराच्या पायात घोटाळतो. कोपनहेगनने 1947 साली शहराची वाढ रेल्वेमार्गांच्या कडेने बोटांप्रमाणे पसरावी आणि बोटांमधील जागा हिरव्या राहाव्यात असे ठरविले. आमच्याकडे रूळ होते, मिठागरे होती, वसईच्या बागायती होत्या. या हिरवाईसाठी झगडणारी माणसेही होती. नव्हता तो केवळ निश्चय.

गरिबाने राहावे कोठे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बेकायदा इमारत हे नव्हे. ऑगस्ट 2025 मध्ये विरारला अनधिकृत इमारत कोसळून 17 जीव गेले. स्वस्त घराची किंमत ती घेणाऱ्याने प्राणांनी मोजावी, ही दया नव्हे, क्रौर्य होय.

आमच्या मागण्या तीनच आहेत. ज्या जमिनीवर आरक्षण आहे तिच्यावरील सदनिकेचा दस्त नोंदला जाऊ नये, आणि आरक्षणांचा नकाशा मराठीत प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लागावा. रस्ता, पाणी, गटार आणि बसचा मार्ग सिद्ध झाल्यावाचून नव्या वसाहतीस परवानगी नसावी. आणि ज्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत इमारत चढली, त्याच्याकडून जाब घेतला जावा; शिक्षा केवळ भाडेकरू आणि खरेदीदार यांच्या वाट्याला येऊ नये.

हे गाव म्हणजे प्राचीन शूर्पारक. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप उकरला. त्याच वर्षी येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात सम्राट सांगतो की, पूर्वीचे राजे विहारासाठी प्रवास करीत. आपण तो सोडून प्रजेच्या भेटीचा, धर्माचा प्रवास पत्करला. आजच्या राज्यकर्त्यांनी इतके मोठे व्रत घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी एकदाच, सकाळी आठच्या सुमारास, नालासोपाऱ्याहून चर्चगेटच्या गाडीत चढून दाखवावे. पुढील आराखडा कसा असावा, हे त्यांस फलाटावरच कळेल.