योहान ७:३७–३८

योहान ७:३७–३८ ही बायबलच्या नव्या करारातील योहानकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील दोन वचने आहेत. तहानलेल्यांनी आपल्याकडे येऊन प्यावे, असे आवाहन येशू ख्रिस्त त्यांत करतात आणि 'जिवंत पाण्याच्या नद्यां'चा उल्लेख करतात. येथील तहान आध्यात्मिक आहे, याविषयी दुमत नाही. मात्र या नद्या कोणाच्या अंतरातून वाहतील, याविषयी प्राचीन काळापासून दोन मते आहेत.

पार्श्वभूमी

हा प्रसंग यरुशलेममध्ये मंडपांच्या सणाच्या शेवटच्या दिवशी घडतो. शरद ऋतूतील या सणात सात दिवस शिलोहच्या तळ्यातून सोन्याच्या पात्रात पाणी आणून मंदिरातील वेदीवर ओतले जाई. कोरडा उन्हाळा संपून पावसाची वाट पाहण्याचा हा काळ असल्याने पाण्याचे रूपक श्रोत्यांच्या अनुभवातले होते.

संदिग्धतेचे कारण

बहुतेक प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नव्हती. त्यामुळे 'माझ्यावर विश्वास ठेवणारा' हा शब्दसमूह मागील वाक्याला जोडायचा की पुढील, हे वाचकाला ठरवावे लागते. पुढील वाक्याला जोडल्यास नद्या विश्वासणाऱ्याच्या अंतरातून वाहतात. मागील वाक्याला जोडल्यास 'तहानलेल्याने यावे व विश्वासणाऱ्याने प्यावे' अशी जोडी तयार होते आणि 'त्याच्या' हे सर्वनाम ख्रिस्ताकडे वळते. शिवाय येथे शास्त्रवचनाचा हवाला दिला असला, तरी या शब्दांतील वचन जुन्या करारात आढळत नाही.

दोन अर्थ

पहिला अर्थ ऑरिजेन व अथानासियस यांनी स्वीकारला. इ.स. २०० च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या 'पपायरस ६६' या हस्तलिखितातील विरामचिन्हही त्याला अनुकूल आहे. ख्रिस्ताने दिलेले पाणी पिणाऱ्याच्या ठायी झरा बनते, हा योहान ४:१४ मधील विचार याचा मुख्य आधार होय.

दुसरा अर्थ हिप्पोलिटस व सिप्रियन यांच्या लेखनात आढळतो. आधुनिक अभ्यासकांपैकी रुडॉल्फ बुल्टमान आणि रेमंड ब्राउन यांचा कल याच अर्थाकडे आहे. मोशेने खडकातून काढलेले पाणी, यहेज्केल ४७ मधील मंदिरातून निघणारी नदी आणि जखऱ्या १४:८ मधील यरुशलेमहून वाहणारे पाणी यांचे संदर्भ त्यासाठी दिले जातात. योहान २:२१ मध्ये येशूच्या देहालाच मंदिर म्हटले आहे, तर १९:३४ मध्ये त्यांच्या कुशीतून रक्त व पाणी निघाल्याचे वर्णन आहे.

पुढील वचनात (७:३९) हे पाणी म्हणजे विश्वासणाऱ्यांना मिळणारा पवित्र आत्मा, असा खुलासा आहे. तो दोन्ही अर्थांशी जुळतो. मूळ स्रोत ख्रिस्त आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. विश्वासणारा केवळ पिणारा आहे की इतरांपर्यंत ते पाणी पोहोचवणाराही, हा वादाचा खरा मुद्दा आहे.

मराठी भाषांतरातील प्रश्न

विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर (बंगाल) येथील मिशनने १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या वचनाच्या भाषांतरात दोन अडचणी येतात. मूळ 'कोइलिया' या ग्रीक शब्दाचा वाच्यार्थ पोट किंवा उदर असा आहे. प्रचलित मराठी भाषांतरात त्यासाठी 'अंतःकरण' हा शब्द येतो; त्यात देहापेक्षा मनाचा बोध अधिक होतो. दुसरी अडचण वाक्यरचनेची आहे. 'जो विश्वास ठेवतो, त्याच्या…' अशी रचना केल्यास मराठीतील 'जो–तो' संबंधामुळे सर्वनाम विश्वासणाऱ्याशी बांधले जाते. ख्रिस्तपर अर्थ दाखवायचा असल्यास वाक्य तोडावे लागते किंवा सर्वनामाऐवजी नाम योजावे लागते. त्यामुळे ग्रीकमध्ये खुला राहिलेला प्रश्न मराठी भाषांतरकाराला बहुधा सोडवूनच पुढे जावे लागते.