पापुआतल्या मुलांचे भाषेचे पेपर



तुमच्या वर्गणीतून गेल्या वर्षी सेंतानीच्या वसतिगृहासाठी चार जुने संगणक आणि इंडोनेशियन भाषेचे मोठे शब्दकोश घेतले. हिशोब या त्रैमासिकात छापून आल्यावर दोघातिघांनी मला पत्राने विचारले, "ताई, इंग्रजीचे समजू शकतो. पण इंडोनेशियातल्या मुलांना इंडोनेशियाचीच भाषा शिकवायला पैसे कशाला लागतात?" प्रश्न रास्त आहे. इथे आले तेव्हा मलाही तोच पडला होता, आणि त्याचे उत्तर वेळेवर न कळल्यामुळे माझ्या हातून एका मुलीचे नुकसान झाले. तेही सांगते.

सेंतानी हे जयापुरा शहराजवळचे, मोठ्या तळ्याकाठचे गाव. पापुआचा मुख्य विमानतळ इथेच आहे. डोंगरातल्या वामेनाहून, बालिएम खोऱ्यातून यायचे म्हणजे नेहमीचा मार्ग विमानाचाच. आमची बहुतेक मुले तिकडची, दानी जमातीची. आईशी ती दानी बोलतात. पापुआत अडीचशेहून जास्त भाषा आहेत, त्यामुळे दुसऱ्या जमातीच्या मुलाशी, बाजारात, दवाखान्यात सगळे जण पापुआची मलय बोलतात. आणि शाळेचे पुस्तक असते तिसऱ्याच भाषेत, बहासा इंदोनेसियात.

ही तिसरी भाषा मुळात मलयच आहे. 28 ऑक्टोबर 1928 रोजी जकार्तात (तेव्हाच्या बटाव्हियात) जमलेल्या तरुणांनी एक देश, एक राष्ट्र आणि एक भाषा अशी शपथ घेतली. तेव्हा सर्वांत जास्त लोक जावानी बोलणारे होते, तरी भाषा निवडली ती बंदरा-बंदरांतल्या व्यापाऱ्यांची मलय. कोणा एकाची नाही म्हणून सगळ्यांची, असा तो विचार होता. आज देशात सातशेहून जास्त भाषा आहेत आणि ही एक सगळ्यांना जोडते.

अडचण अशी की आमच्या मुलांना वाटते, ही भाषा आपल्याला येतेच. ‘माझे घर’ म्हणायला पापुआचे मूल ‘सा पू रूमाह’ म्हणते. पुस्तकात ते ‘रूमाह साया’ असते. शब्द तेच, पण क्रम उलटा आणि रूप वेगळे. ‘नाही’साठी मूल ‘त्रा’ म्हणते, पुस्तक ‘तिडाक’ म्हणते. ‘ते लोक’ हे मुलाच्या तोंडी ‘दोंग’, पुस्तकात ‘मेरेका’. एक गंमत सांगते. इथे रताळ्याला ‘पेतातास’ म्हणतात. आपला बटाटा आणि हा पेतातास दोन्ही पोर्तुगीजांकडूनच आले, फक्त इथे ते नाव रताळ्याला चिकटले. पण परीक्षेच्या उताऱ्यात रताळ्याला ‘उबी जालार’ म्हणतात. रोज रताळे खाणारे मूल रताळ्यावरच्या उताऱ्यात अडखळते. नंदुरबारकडे आपल्या वसतिगृहात काम केलेल्यांना हे नवे नाही. पावरा मुलगा बाजारात मराठी छान बोलतो, आणि मराठीच्या पेपरात मागे पडतो.

आता परीक्षेविषयी. सरकारी विद्यापीठांत जाण्याचा मोठा दरवाजा म्हणजे एसएनबीटी ही देशभर एकच असलेली प्रवेशपरीक्षा. ती संगणकावर होते. 2023 पासून तिच्यातले भौतिकशास्त्र, इतिहास असे विषयांचे पेपर काढून टाकले. आता विचारशक्ती आणि वाचन यांचीच परीक्षा होते. 2024 ला 195 मिनिटांत 160 प्रश्न होते. त्यांतले इंडोनेशियन वाचनाचे 30 प्रश्न साडेबेचाळीस मिनिटांत आणि इंग्रजी वाचनाचे 20 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे होते. शिवाय ‘उतारा समजणे आणि लिहिणे’ या वेगळ्या भागाचे 20 प्रश्न 25 मिनिटांत, तेही इंडोनेशियनच. म्हणजे जिला मुले सोपी समजतात, त्या भाषेचे सरळसरळ 50 प्रश्न. गणिताची उदाहरणेसुद्धा परिच्छेदात घातलेली असतात. प्रत्येक भागाचे घड्याळ वेगळे असते. वेळ संपली की संगणक पुढच्या भागावर नेतो, मागे जाता येत नाही.

विषयांचे पेपर गेले तेव्हा खूप जण म्हणाले, गरीब मुलांना बरे झाले, शिकवणीची गरज उरली नाही. माझे मत वेगळे आहे. घरात पुस्तके असलेल्या मुलाला याचा फायदा झाला. आमच्या मुलांना पूर्वी जीवशास्त्र पाठ करून जे गुण मिळवता येत, तो रस्ता बंद झाला.

आता ती मुलगी. तिचे नाव देत नाही. पूर्व इंडोनेशियात मुलींना लाडाने ‘नोना’ म्हणतात, तेच इथे लिहिते. नोना 2023 ला बारावी झाली. गणितात वसतिगृहात पहिली. तिला नर्सिंग शिकायचे आहे, कारण तिच्या गावापासून आरोग्यकेंद्र एका दिवसाच्या चालीवर आहे. पहिल्या परीक्षेआधी मी मुलांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "खात्री नसेल तर उत्तर देऊ नका." आपल्याकडे नीट परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, तेच माझ्या डोक्यात होते. इथे पूर्वी तसे होते खरे, पण 2018 पासून चुकीच्या उत्तराला गुण कापणे बंद झाले आहे. हे मी तपासलेच नव्हते. नोना आज्ञाधारक. इंडोनेशियनच्या भागात तिने नऊ प्रश्न कोरे सोडले. गुणपत्रकात प्रत्येक भागाचे गुण वेगळे येतात. तिचे गणित उत्तम होते आणि इंडोनेशियन सर्वांत खाली, इंग्रजीच्याही खाली. प्रवेश मिळाला नाही. नियम मला कळला तेव्हा मी तिला बोलावून माफी मागितली. ती म्हणाली, "इबू, तुम्ही सांगितले नसते तरी मला ते नऊ येत नव्हतेच." हे खरे होते, आणि म्हणूनच मला जास्त लागले. कोरे प्रश्न हा माझा दोष, पण ते तिला का येत नव्हते, हा खरा प्रश्न होता.

त्यानंतर आम्ही शिकवण्याची पद्धत बदलली. आधी मी शब्दांच्या याद्या पाठ करून घेत असे. आता संध्याकाळी फळ्याचे दोन भाग करतो. डावीकडे घरची बोली, उजवीकडे परीक्षेची भाषा. मुले एक वाक्य डावीकडे सांगतात, मग तेच उजवीकडे नेतात. डावीकडचे चूक आहे, असे मी कधीच म्हणत नाही. शाळेत ‘तुझी भाषा अशुद्ध’ असे ऐकून ऐकून ही मुले वर्गात तोंडच उघडेनाशी होतात.

सर्वांत जास्त वेळ जातो तो शब्दांच्या रूपांवर. इंडोनेशियनमध्ये मूळ शब्दाला पुढून-मागून जोड लागतात. ‘तुलिस’ हा मूळ शब्द, अर्थ लिही. त्यापासून ‘मेनुलिस’ म्हणजे लिहिणे, ‘पेनुलिस’ म्हणजे लेखक, ‘तुलिसान’ म्हणजे लिखाण, ‘तेर्तुलिस’ म्हणजे लिखित. जोड लागताना पहिले अक्षर गळते, ‘त’चा ‘न’ होतो. ‘किरिम’ म्हणजे पाठव, त्याचे ‘मेंगिरिम’ होते. ‘सापू’ म्हणजे झाडू, त्याचे ‘मेन्यापू’. पापुआच्या बोलीत हे जोड फारसे लावत नाहीत. आणि शब्दकोश मूळ शब्दावर लावलेला असतो! ‘मेनुलिस’ शोधणाऱ्या मुलाला ‘त’चे पान उघडायचे सुचत नाही. शब्दकोश असून उपयोग नाही, असे मुले का म्हणत, ते मला या टप्प्यावर कळले. मूळ शब्द हुडकायला शिकल्यावर तीच मुले शब्दकोशासाठी भांडू लागली. म्हणून दुसरी प्रत घ्यावी लागली.

दुसरी अडचण जोडशब्दांची. बोलताना ‘तापी’ आणि ‘जादी’, म्हणजे ‘पण’ आणि ‘म्हणून’, एवढ्यावर काम भागते. उताऱ्यात ‘नामून’, ‘सेदांगकान’, ‘मेस्किपून’ येतात. लेखक कुठे वळला, ते या शब्दांवरून कळते. ते सुटले की उताऱ्याचा अर्थच उलटा लागतो. नोनाचे कोरे प्रश्न बहुतेक असेच होते. शब्द सगळे ओळखीचे, पण लेखक बाजूने बोलतोय की विरुद्ध, हे तिला ठरवता येत नव्हते.

इथे मंडळीच्या सवयीविषयी थोडे बोलते, गैरसमज करून घेऊ नका. आमची मुले रोज सकाळी पवित्र शास्त्र वाचतात. इथल्या उपासनेत 1974 चे ‘तेर्जेमाहान बारू’ भाषांतर वापरतात. त्याची भाषा शुद्ध आणि भारदस्त आहे, त्यामुळे वसतिगृहातल्या मुलांचे प्रकट वाचन शहरातल्या मुलांइतकेच चांगले असते. ही मोठी देणगी आहे. पण आपण शास्त्र वाचतो ते मानण्यासाठी. परीक्षेतल्या उताऱ्यावर विचारतात की लेखकाचे म्हणणे काय, पुरावा कोणता, कोणते वाक्य त्याला कमजोर करते. छापलेल्या गोष्टीवर शंका घेणे मुलांना उद्धटपणा वाटतो. मग मी बेरियाच्या लोकांची आठवण देते. पौलाचे बोलणे खरे आहे की नाही, हे ते रोज शास्त्रात शोधून पाहत, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांची स्तुती आहे. इथल्या पाळकांनी त्यावर एक उपदेशही दिला. पाळकांना इथे ‘पेंडेता’ म्हणतात, म्हणजे आपला पंडितच. ‘कारेना’ म्हणजे कारण, ‘सिस्वा’ म्हणजे शिष्य, ‘सुर्गा’ म्हणजे स्वर्ग. आणि ‘दोसा’ म्हणजे पाप, दोष या शब्दावरून. पहिल्या रविवारी अर्धा तास दोसा-दोसा ऐकताना मला भलतेच आठवत होते.

इंग्रजीची गोष्ट वेगळी. ती आपल्याला येत नाही हे मुलांना माहीत असते, म्हणून ती मेहनत घेतात. इंग्रजीच्या भागात व्याकरणाचे सुटे प्रश्न नाहीत, उतारेच असतात, आणि एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट. इंडोनेशियनमध्ये ‘दिया’ म्हणजे तो किंवा ती, क्रियापदाला काळ नाही, आणि विशेषण नामानंतर येते. ‘रूमाह बेसार’, घर मोठे. त्यामुळे इंग्रजीत चार नावे एकापुढे एक आली की मुले पहिल्या शब्दाला मुख्य समजतात. मी शिकवते की शेवटचा शब्द आधी धर आणि मागे मागे ये. मराठीतही विशेषण आधीच येते, म्हणून ही अडचण असते हेच मला वर्षभर दिसले नव्हते. सर्वनामांना बाण काढायचे, ‘तो’ कोण, ‘ती’ कोण, ‘ते’ काय. आणि आधी प्रश्न वाचायचा, मग उतारा. एवढ्यावर बऱ्याच जणांचे इंग्रजी वर आले.

संगणक का, हेही सांगते. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा माउस हातात धरणारी मुले मी पाहिली आहेत. पडद्यावर उतारा सरकवून वाचण्याची सवय नसली तर पहिली पाच मिनिटे त्यातच जातात. आता शनिवारी घड्याळ लावून पूर्ण सराव होतो, आणि शेवटच्या मिनिटाला उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काही ना काही उत्तर द्यायचेच, हा नियम फळ्यावर कायमचा लिहून ठेवला आहे.

पापुआच्या मुलांसाठी वेगळी सरकारी योजनाही आहे आणि तिचे अर्जही आम्ही भरतो. पण त्या योजनेतून जावाला गेलेल्या मुलालाही पुस्तके याच भाषेत वाचावी लागतात.

नोना 2024 ला पुन्हा बसली. इंडोनेशियनचे गुण चांगले वाढले, पण नर्सिंगची जागा थोडक्यात हुकली. बारावी झालेल्या वर्षासह तीनच वर्षे ही परीक्षा देता येते. म्हणजे या एप्रिलच्या अखेरीस सुरू होणारी तिची शेवटची. परीक्षेचे शुल्क दोन लाख रुपिया असते. आकडा मोठा दिसतो, आपल्या पैशात हजार-अकराशे रुपये होतात. सरकारी शिष्यवृत्तीसाठी नोंद असलेल्यांना ते माफ आहे. वसतिगृहातून या वेळी सात मुले बसणार आहेत, चौघांना माफी मिळाली, तिघांचे शुल्क मार्चअखेर भरायचे आहे. सात जणांसाठी प्रार्थना करा. नोना सध्या धाकट्यांना फळ्याची डावी-उजवी बाजू शिकवते. काल एका मुलाने विचारले, पेतातासला उजवीकडे काय लिहायचे? तिने ‘उबी जालार’ लिहिले, आणि त्याच्या हातात एक भाजलेले पेतातास दिले.