पारदर्शिका आणि प्रज्ञावंतांचे अध्यापन
काचेवर किंवा फिल्मवर उमटविलेले जे चित्र प्रकाश व भिंग यांच्या साहाय्याने पडद्यावर मोठे करून दाखविता येते, त्यास पारदर्शिका किंवा रूढ भाषेत स्लाइड असे म्हणतात. संगणकावर तयार केलेल्या व एकामागून एक पडद्यावर येणाऱ्या पृष्ठांनाही, त्यांत पारदर्शक असे काही उरले नसले तरी, तेच नाव चालत आले आहे. सर्वसाधारण वर्गात पारदर्शिकेचा उपयोग मुख्यत्वे विषय स्पष्ट करण्यासाठी होतो. असामान्य आकलनशक्ती असलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र तिचे कार्य बरेचसे उलट असते : तिने प्रश्नाची सामग्री पुढे ठेवावयाची आणि उत्तर काही काळ राखून ठेवावयाचे. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच हुशार मुलांच्या वर्गातील पारदर्शिकांचा पाठ पुष्कळदा नीरस होतो.

साधनाचा इतिहास : डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी १६५९ च्या सुमारास तयार केलेला जादूचा कंदील हा आजच्या प्रक्षेपकाचा पूर्वज होय. दिवा, काचेवर रंगविलेले चित्र व भिंग एवढीच त्याची रचना होती. प्रारंभी प्रेक्षकांना थक्क करण्यासाठी त्याचा वापर होई. एकोणिसाव्या शतकात तो व्याख्यानगृहांत आणि शाळांत आला. महाराष्ट्रात कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी त्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपल्या मुलांच्या साहाय्याने ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हाताने रंगविलेल्या काचांचे खेळ सुरू केले. ते मनोरंजनासाठी होते. पण चित्र आणि निवेदन यांनी एकमेकांना पूरक असावे, एकाने दुसऱ्याची पुनरुक्ती करू नये, हे तत्त्व त्यांतही अनुस्यूत होते. यूरोपात कलेतिहासाचे अध्यापक हाइन्रिख व्होल्फलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दोन प्रक्षेपकांनी दोन चित्रे शेजारी-शेजारी दाखवून तुलना करण्याची पद्धत रूढ केली. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने या साधनाच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची घटना मानावयास हरकत नाही. कारण येथे चित्र हे उदाहरण न राहता विचाराला चालना देणारे साधन बनले.

कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ मध्ये बाजारात आली आणि पुढे ३५ मिमी. फिल्मवरील, ५० × ५० मिमी. चौकटीत बसविलेली पारदर्शिका सर्वत्र प्रचलित झाली. गोल तबकडीत पारदर्शिका ठेवण्याची सोय असलेला कॅरूसेल हा प्रक्षेपक १९६१ मध्ये निघाला. त्याच्या उत्पादक कंपनीने २००४ मध्ये पारदर्शिका-प्रक्षेपकांचे उत्पादन थांबविले. तत्पूर्वीच, १९८७ मध्ये, पॉवरपॉइंट ही संगणकीय आज्ञावली उपलब्ध झाली होती. या स्थित्यंतरात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. फिल्मवरील प्रत्येक पारदर्शिकेस पैसा आणि वेळ खर्च होई, त्यामुळे शिक्षक ती पारखून घेत आणि ती बहुधा चित्रच असे. संगणकावर नवे पृष्ठ फुकट मिळते व त्यात अक्षरे भरणे सर्वांत सोपे असते. परिणामी चित्रांचे साधन हळूहळू टिपणांचे साधन झाले.

प्रज्ञावंतांची वैशिष्ट्ये : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ल्यूइस टर्मन यांनी १९२१ मध्ये सुमारे दीड हजार मुलांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला, तेव्हा उच्च बुद्धिगुणांक हाच प्रज्ञेचा मुख्य निकष होता. जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि कार्यनिष्ठा या तिहींच्या संगमावर भर दिला. भारतात पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ पासून प्रज्ञाशोधाचे कार्य केले आहे. निकष कोणताही असो, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अशा विद्यार्थ्यांचे तीन गुण महत्त्वाचे ठरतात : ते झपाट्याने वाचतात, तुटक माहितीतील संबंध लवकर हेरतात आणि कळलेल्या गोष्टीची पुनरावृत्ती त्यांना असह्य होते.

पडद्यावर सहा ओळी आहेत आणि शिक्षक त्या मोठ्याने वाचून दाखवीत आहेत, असा प्रसंग घेतला, तर पहिली ओळ वाचून होण्यापूर्वीच अशा विद्यार्थ्याने सर्व ओळी वाचलेल्या असतात. उरलेला वेळ तो केवळ वाट पाहतो. असे रोज घडले, तर वाट पाहण्याचीच सवय लागते. मग लक्ष उडते, वहीच्या कडेला चित्रे काढली जातात आणि पुढे खरोखरच कठीण भाग आला, तरी त्याकडे दुर्लक्ष होते. अशा मुलांची गणना शिक्षक कधीकधी बेपर्वा विद्यार्थ्यांत करतात, हे त्यांतील अधिक दुःखद होय. रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यम-अध्ययनावरील प्रयोगांतूनही असे दिसून आले, की चित्र आणि तोंडी निवेदन असताना तेच निवेदन अक्षरांतही पडद्यावर दिल्यास आकलन सामान्यतः वाढत नाही, उलट घटू शकते.

कॅल्यूगा, स्वेलर इ. संशोधकांनी २००३ मध्ये आणखी एका परिणामाची मांडणी केली. नवशिक्यास उपयोगी पडणारे सविस्तर मार्गदर्शन जाणकारास निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही ठरते. मात्र हा निष्कर्ष प्रज्ञावंतांना सरसकट लावणे चुकीचे होईल. तो विषयातील पूर्वज्ञानासंबंधी आहे, बुद्धिमत्तेसंबंधी नव्हे. गणितात अग्रेसर असणारी मुलगी मोडी लिपीच्या पहिल्या पाठात नवशिकीच असते व तिलाही अक्षरवळणांचे नीट मार्गदर्शन लागते. एवढेच, की त्या मार्गदर्शनाची गरज तिच्या बाबतीत लवकर संपते. पारदर्शिकांचा वेग वाढविणे किंवा त्यांत अधिक मजकूर कोंबणे हा प्रज्ञावंतांसाठी केलेला बदल नव्हे. तो फक्त त्याच पाठाचा घाईने केलेला प्रकार होय.

एक नमुना-पाठ : उत्तर राखून ठेवण्याचे तंत्र एखाद्या प्रत्यक्ष पाठावरून अधिक स्पष्ट होईल. गॅलिलीओ यांनी जानेवारी १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरू ग्रहाची निरीक्षणे केली व त्यांची रेखाटने त्याच वर्षी प्रसिद्ध केली. ही रेखाटने इतकी साधी आहेत, की एक वर्तुळ व काही ठिपके यांतच ती संपतात. पाठाचे नाव, ग्रहाचे नाव किंवा निष्कर्ष यांपैकी काहीही न देता पहिल्या पारदर्शिकेत ७ जानेवारीची स्थिती दाखवावी : ग्रहाच्या पूर्वेस दोन तारे, पश्चिमेस एक. दुसऱ्या रात्री काय दिसेल, हे प्रत्येकाने आपल्या वहीत रेखाटावे, असे सांगावे. हे लेखी असणे आवश्यक आहे. तसे नसल्यास वर्गातील सर्वांत चपळ मुलगा उत्तर ओरडतो आणि बाकीच्यांचा विचार तेथेच थांबतो.

दुसऱ्या पारदर्शिकेत ८ जानेवारी : तिन्ही तारे पश्चिमेस. तारे स्थिर असून ग्रहच पूर्वेकडे सरकला, असे बहुतेक विद्यार्थी म्हणतात. गॅलिलीओ यांनाही प्रथम तशीच शंका आली होती. येथे शिक्षकाने एवढेच सांगावे, की त्या वेळच्या कोष्टकांनुसार ग्रह पश्चिमेकडे चालला होता. तिसरी पारदर्शिका संपूर्ण काळी असावी. ९ जानेवारीस आकाश ढगाळ होते. ही रिकामी पारदर्शिका पाठातील सर्वांत मोलाची ठरते, कारण निरीक्षणात खंड पडला असता काय गृहीत धरावे, हा खऱ्या संशोधनातील प्रश्न तिच्यामुळे वर्गात येतो. १० जानेवारीस दोनच तारे दिसतात व दोन्ही पूर्वेस. तिसरा कोठे गेला ? १३ जानेवारीस चार दिसतात. ठिपके नेहमी जवळजवळ एका सरळ रेषेतच का, हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून आला नाही, तरच शिक्षकाने विचारावा. उपग्रह हा शब्द यानंतर उच्चारला, तरी चालतो.

ज्यांना येथवरचा भाग सोपा गेला, त्यांच्यासाठी एक राखीव पारदर्शिका असावी. तीत चार उपग्रहांचे प्रदक्षिणाकाल (१·७७, ३·५५, ७·१५ व १६·६९ दिवस) आणि ग्रहमध्यापासूनची अंतरे (अनुक्रमे ४·२२, ६·७१, १०·७० व १८·८३ लाख किमी.) एवढेच द्यावे. कालांच्या वर्गांचे गुणोत्तर आणि अंतरांच्या घनांचे गुणोत्तर सारखेच येते, हे केप्लर यांचे नाव न सांगताही काही विद्यार्थी तासाभरात शोधून काढू शकतात. हा आनंद पडद्यावर आयते सूत्र देऊन हिरावून घेऊ नये.

तुलनेची पद्धतही प्रज्ञावंतांना विशेष मानवते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १·८ किमी. व्यासाचे विवर, एखादे ज्वालामुखीचे मुख आणि अमेरिकेतील ॲरिझोना येथील सुमारे १·२ किमी. व्यासाचे उल्काविवर यांची छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवून लोणार कोणत्या प्रकारचे, असे विचारता येते. परिसर बेसाल्टाचा असल्याने ज्वालामुखीची बाजू सहज बळकट भासते. वाद रंगल्यावर लोणारच्या खडकातील काचसदृश मॅस्केलिनाइटाचे सूक्ष्मदर्शकीय चित्र दाखवावे. हा पदार्थ प्रचंड आघातदाबाने बनतो आणि अशा पुराव्यावरूनच १९७३ मध्ये हे विवर आघातजन्य असल्याचे प्रतिपादन झाले. पुरावा आधी दाखविला, तर वाद होत नाही; वाद झाला नाही, तर पुराव्याचे वजन कळत नाही.

रचनेसंबंधी काही सूचना : प्रत्येक पारदर्शिकेस विषयनामाऐवजी पूर्ण विधान हे शीर्षक द्यावे व खाली त्याचा दृश्य पुरावा मांडावा, असे मायकेल ॲली यांचे मत आहे. वैज्ञानिक व्याख्यानास ते योग्यच आहे. पण प्रज्ञावंतांच्या वर्गात विधानाची जागा प्रथम रिकामी ठेवून ती विद्यार्थ्यांकडून भरून घेणे अधिक फलदायी होते. क्रम बदलण्याची तयारीही हवी. अनपेक्षित प्रश्न आला असता ‘ते पुढे येणार आहे’ असे सांगून तो मागे ढकलणे हा पारदर्शिकांच्या ठरावीक ओळीचा मोठा दोष होय. प्रचलित आज्ञावल्यांत पारदर्शिकेचा क्रमांक टंकून थेट तिच्यावर जाता येते; तसेच एका कळीने पडदा काळा करून चर्चा फळ्याकडे वळविता येते. ही सोय किती शिक्षकांना ठाऊक असते, कोण जाणे. वाचनात अडचण असलेली, पण विचारात तीक्ष्ण अशीही मुले असतात. अक्षरांनी भरलेल्या पडद्यापुढे त्यांची प्रज्ञा झाकली जाते व चित्रापुढे ती प्रकट होते. महाराष्ट्रातील बहुसंख्य प्रज्ञावंत सामान्य वर्गांतच बसत असल्याने राखीव पारदर्शिका छापील कागदावर देणेही पुरेसे होते. प्रक्षेपक नसलेल्या शाळेत तर तोच मार्ग.

विद्यार्थ्यांनी स्वतः पारदर्शिका करणे हा पुढचा टप्पा होय. येथे धोका असा, की तयार नमुन्यांच्या झगमगाटात विचाराचे दारिद्र्य लपते. एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्ये या प्रकारावर कठोर टीका केली. कोलंबिया या अवकाशयानास १ फेब्रुवारी २००३ रोजी झालेल्या अपघातात सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी फोमाचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता व त्याची मीमांसा करणारी एक पारदर्शिका अधिकाऱ्यांपुढे मांडली गेली होती. तिचे शीर्षक दिलासा देणारे होते. चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा, तर प्रत्यक्षातील सुमारे १,९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा, ही बाब अगदी तळाच्या उपमुद्द्यात होती. चौकशी मंडळानेही तांत्रिक अहवालाऐवजी पारदर्शिकांवर विसंबण्याच्या प्रथेवर ठपका ठेवला. माध्यमिक शाळेतील प्रज्ञावंतांना ही माहिती देऊन तीच पारदर्शिका नव्याने रचावयास सांगावी. बहुतेक जण दोन आकड्यांची चित्रे शेजारी-शेजारी काढतात, आणि लहान चौकोन इतका बारीक होतो, की तो दिसावा म्हणून त्याभोवती वर्तुळ काढावे लागते.