कोष्टकातील घरे

शाळेचा प्रवेशअर्ज असो, रेल्वे आरक्षणाचा अर्ज असो की परीक्षेचे गुणपत्रक असो, माहिती नीट मांडण्यासाठी आडव्या-उभ्या रेघांचे कोष्टक आखतात. या रेघांमुळे जे चौकोन तयार होतात, त्यांना कोष्टकातील घरे म्हणता येईल. घरातील मजकुराचा अर्थ त्याच्या वरच्या शीर्षकावरून आणि त्याच ओळीच्या आरंभी असलेल्या नावावरून कळतो.

परंतु सर्वच घरे सारख्या आकाराची ठेवून भागत नाही. गुणपत्रकात लेखी, तोंडी आणि एकूण असे तीन रकाने असतात. 'प्रथम सत्र' हे शीर्षक या तिन्ही रकान्यांना लागू असते. म्हणून त्यांच्या वरची तीन घरे एक करून त्यांत ते शीर्षक लिहितात. यालाच घरे जोडणे म्हणतात. याउलट, 'संपूर्ण नाव' या एका घराऐवजी आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव यांसाठी तीन घरे केली, तर आडनावांच्या क्रमाने यादी लावणे सोपे जाते. हे झाले घर विभागणे.

हाताने आखणी करणारा मनुष्य मधली रेघ काढावयाची सोडून देतो, म्हणजे त्याचे काम होते. संगणकावर हव्या त्या घरांची निवड करून ती जोडण्याची आज्ञा द्यावी लागते. मग 'हे घर तीन रकाने व्यापते' अशी नोंद संगणक करून ठेवतो. हे काम क्षणात होते; पण म्हणूनच ते विचारपूर्वक करावे लागते.

समजा, वर्गाची यादी एक्सेल या आज्ञावलीत केली आहे. नावाचे तीन भाग सलग दिसावेत, म्हणून कोणी ती तीन घरे जोडली, तर काय होईल? एक्सेल केवळ डावीकडच्या वरच्या घरातील मजकूर ठेवते व उरलेला टाकून देते. तशी सूचना ते आधी देते खरे. पण घाईत ती वाचतो कोण? परिणामी 'पाटील' एवढेच उरते. वर्गात चार पाटील असतील, तर हा कोणता पाटील, हे कसे ओळखावे? पुढे तेच घर पुन्हा विभागले, तर घरे तीन होतात, पण त्यांतील दोन रिकामीच राहतात. चूक तत्काळ ध्यानात आली, तरच ती उलटविता येते. वर्ड या आज्ञावलीत मात्र घरे जोडली, तरी सर्व मजकूर एकत्र राहतो.

दृष्टिहीन व्यक्ती संगणकावरील कोष्टक वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने ऐकतात. घरे वाटेल तशी जोडलेली असली, तर कोणता आकडा कोणत्या शीर्षकाखालचा, हे त्यांना समजणे कठीण होते.

म्हणून शीर्षकाची घरे गरजेपुरती जोडावीत आणि माहितीची घरे स्वतंत्र ठेवावीत. कोष्टक सुबक दिसावे हे योग्यच. परंतु त्यासाठी त्यातील माहिती गमावणे योग्य नव्हे.